कोरडी बशी

आमच्या घरात पाहुण्याला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. मुलीला मागणी घालायला आलेल्यांना तर मुळीच नाही. ती माणसं जेवण घेऊन येतात, जिना चढतात, आपण त्यांच्यासोबत जेवतो, वादळांच्या आणि झुंजीच्या कोंबड्यांच्या गप्पा मारतो. उत्तर असतं ते बशीत. घरातल्या कर्त्या माणसाच्या ताटाशेजारी एक छोटी बशी मांडतात, तिच्याजवळ पातिसची बाटली आणि एक मिरची. कर्त्याने बशीत पातिस ओतून मिरची चुरडली, की मुलगी दिली. बशी कोरडी राहिली, की पाहुणे काय ते समजतात, आभार मानतात आणि जिना उतरतात.

ही रीत आमच्या सगळ्या गुमाका गावात आहे असं नाही. आमच्या आजोबांनी पाडलेली. पण ती उगाच पाडलेली नाही. आमच्याकडे सिनिगांग, म्हणजे मासळीचं आंबट सार, कुणी पुरतं खारट करून वाढत नाही. रांधणाऱ्याने आंबट जमवायचं आणि खारटाची जागा रिकामी सोडायची. माशांचं मुरवलेलं ते खारं पाणी, पातिस, ज्याने त्याने आपल्या बशीत घ्यायचं, मासा त्यात बुडवायचा आणि चव स्वतः पुरी करायची. बशी ओली केली याचा अर्थ, तुमचं अन्न मी आपलं मानलं. आजोबा माझे बोलायला आळशी होते, पण हे त्यांना बरोबर सुचलं.

एकतीस वर्षांपूर्वी ती बशी माझ्या वडिलांपुढे होती आणि मागणी मला आली होती. नार्सिसो त्याचं नाव, होड्या बांधायचा. मी दाराआडून बघत होते. वडिलांनी तीनदा भात घेतला, दोनदा सार घेतलं आणि बशीकडे बघितलंसुद्धा नाही. आई अंथरुणाला खिळलेली, बहीण लहान, मी गेले तर घर कोण बघणार? कुणी बोललं नाही, पण मला कळलं. पाहुणे गेल्यावर मी भांडी घासायला बसले, तेव्हा ती निळ्या काठाची बशी हातात आली. तिच्यात धुण्यासारखं काही नव्हतं. तरी मी धुतली.

नार्सिसोने लुसेना शहरात जाऊन संसार थाटला. माझा राहिला तो राहिला. धाकट्या बहिणीचं लग्न मात्र थाटात झालं, आणि तीन वर्षांची दिविना मागे ठेवून ती तापाने गेली. पोरीच्या बापाने वर्षाच्या आत दुसरं घर केलं. मग दिविनाला मीच वाढवलं. ती मला नानाय म्हणते, म्हणजे आईच. आता चोवीस वर्षांची झाली, गावच्या दवाखान्यात नर्स आहे. संध्याकाळी साडेपाचला जिन्यावर तिच्या चपला वाजल्या, की मगच माझा दिवस संपतो.

आणि ही पोरगी म्हणे अलाबातला जाणार! खाडीपलीकडच्या बेटावर, लाँचने तास-दीड तास, तोही समुद्राची मर्जी असेल तर. जोमार नावाचा मुलगा हातात गळ रुतला म्हणून दवाखान्यात आला होता. “मासा सुटला आणि आपली पोरगी लागली गळाला,” असं माझा थोरला भाऊ सेनोन येईल-जाईल त्याला सांगतो. सेनोनला काय, त्याला सगळ्यातच गंमत दिसते.

मुलाने मुलीच्या घरी राबायची जुनी चाल आहे आमच्याकडे, तिचा मी पुरेपूर फायदा घेतला. घरात नळ आहे, तरी जोमारला विहिरीचं पाणी भरायला लावलं. गॅस आहे, तरी लाकडं फोडून घेतली. आठ महिने पोरगा दर रविवारी बेटावरून यायचा, माझा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायचा आणि “तिया पान्यांग,” म्हणजे पान्यांगमावशी, “आज काय काम?” म्हणायचा. मी त्याच्याकडून छप्पर शाकारून घेतलं, डुकराचा गोठा बांधून घेतला. डुक्कर आमच्याकडे नव्हतंच. तो कंटाळून जाईल अशी माझी अटकळ होती. तो गेला नाही. उलट एका रविवारी म्हणाला, “पुढच्या रविवारी तातांना घेऊन येतो.”

म्हणजे मागणी.

तर तो रविवार. सकाळी दहाला मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी, शेजारी इस्त्रीचा सदरा घालून सेनोन. त्याने आदल्या दिवसापासून पोट रिकामं ठेवलं होतं, कारण मागणीला भाजलेलं डुक्कर येतं असा त्याचा पक्का समज. फाटकातून आत आले दोघेच. जोमारच्या डोक्यावर ओल्या गोणपाटाने झाकलेली बादली, आणि त्याच्यामागे एक वाळकुडा म्हातारा. कडेवर मूल घ्यावं तशी त्याने मातीची काळी हंडी घेतली होती.

“डुक्कर मागच्या रिक्षात असेल,” सेनोन पुटपुटला.

“डुक्कर नाही हो, कप्तान,” म्हाताऱ्याला ऐकू गेलंच. सेनोन कधीकाळी वस्तीचा पुढारी होता, अजून त्याला सगळे कप्तान म्हणतात. “माझ्या घरात बाईमाणूस नाही. मला एकच गोष्ट रांधता येते. आणि ती बेटावरून शिजवून आणली असती तर वाटेत मेली असती. सिनिगांग जिथे उकळतं तिथेच खायचं असतं. तेव्हा बाई, तुमची चूल तेवढी द्याल का?”

हे होते ताता बास्योंग, जोमारचे वडील. सत्तरीचे, समोरचे दोन दात नसलेले, हाताची बोटं मिठाच्या पाण्याने जाड झालेली. मागणीला येऊन मुलीकडचीच चूल मागणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी म्हटलं, “या ना, वर या,” आणि मनात म्हटलं, करा काय करायचं ते. उत्तर माझं ठरलेलं आहे.

ठरलेलं होतं, पण सोपं नव्हतं. पोरगी मी वाढवलेली, म्हणून बशी यावेळी माझ्यापुढे मांडायची होती. कुणाचा बाप, कुणाची आजारी आई आड घ्यायला नव्हती. कोरडी ठेवली, तर दिविना ती बशी बघणार, आणि मी एकतीस वर्षांपूर्वी जसं वडिलांकडे बघणं सोडलं तसं ती माझ्याकडे बघणं सोडणार. हे मला आठ दिवस झोपू देत नव्हतं.

जोमारला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं. मागणीच्या दिवशी मुलाने तोंड उघडायचं नसतं. दिविना पुढच्या खोलीत ताटं मांडत होती. स्वयंपाकघरात ताता बास्योंग आणि मी. खरं तर मी पहारा द्यायला थांबले होते.

म्हाताऱ्याने आधी बादली उघडली. वीतभर लांबीची कोळंबी, करडी, जिवंत, गोणपाटात तडतड उडत होती. खाली एक तांबोशी मासा, डोळे अजून चकचकीत. मग त्यांनी माझ्या फळीवर नजर फिरवली, आणि जी दिसू नये म्हणून मी डब्यामागे सारली होती ती आंबट मसाल्याची पुडी नेमकी त्यांना दिसली.

“पुडी?” ते म्हणाले.

“घाईच्या वेळी असावी एखादी.”

“एखादी?” त्यांनी डबा सरकवला. मागे सात होत्या. “बरीच घाई असते हो तुमच्या घरात.”

परसात बिंबलांचं झाड आहे, बुंध्यापासून हिरव्या आंबट फळांनी लगडलेलं, आणि मी पुड्या वापरते हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. या माणसाला घरात येऊन दहा मिनिटं झाली नव्हती.

“तांदूळ धुतलेत का?” त्यांनी विचारलं.

“धुणारच होते.”

“मग पहिलं पाणी टाका, दुसरं मला द्या.”

हे मलाही ठाऊक होतं, आईने शिकवलेलं. पण कित्येक वर्षं मी ते दुसरं धुवणही झाडांना ओतत होते. पुडीला कशाला हवंय तांदळाचं धुवण! मी पातेलीभर दुधट पाणी त्यांच्यापुढे ठेवलं. ते त्यांनी हंडीत ओतलं, कांदा आणि टोमॅटो टाकले, आल्याचा तुकडा ठेचून टाकला, अळकुड्या सोलून अर्ध्या केल्या आणि टाकल्या. मग परसातली बिंबलं. दोन मुठी. कुठलंच माप नाही, पण प्रत्येक फळ बोटांनी दाबून बघत होते आणि निम्मी बाजूला ठेवत होते.

“ही का नको?” माझ्याने राहवलं नाही.

“ही उद्याची आहेत. आज टाकली तर नुसती ओरडतील.”

सांगायला लाज वाटते, पण मला बघत राहावंसं वाटत होतं. ते घाई करत नव्हते आणि वेळही घालवत नव्हते. हंडी उकळायला लागली तेव्हा त्यांनी झाकणाला कान लावला. खरंच कान लावला. अळकुडी शिजली की उकळीचा आवाज जाड होतो म्हणाले. मी एवढी वर्षं काटा टोचून बघत आले. मीही कान लावला. थोड्या वेळाने आवाज खरोखर जाड झाला. मऊ झालेली बिंबलं त्यांनी वाटीत काढली, चमच्याच्या पाठीने चुरडली आणि रस परत हंडीत सोडला. मग कात्री मागितली आणि एकेका कोळंबीच्या मिशा आणि कपाळावरचा काटा कापायला बसले. सालं काढली नाहीत, डोकी तोडली नाहीत.

“डोक्यातलं पिवळं सारात उतरलं पाहिजे,” ते म्हणाले. “पण तुमच्या पोरीच्या ओठाला काटा लागायला नको.”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“बायकोनं. ही हंडी तिचीच. आजारी पडली तेव्हा अंथरुणावरून ओरडायची, ‘बास्योंग, मुळा आत्ता! बास्योंग, झाकण काढू नको, मेल्या!’ दोन वर्षं ओरडत होती. तेवढ्यात शिकलो.” त्यांनी कोळंबी पाण्यातून काढली. “ती गेल्यावर पहिलं सिनिगांग केलं, तेव्हा कुणी ओरडलं नाही. फार वाईट झालं होतं ते.”

मी न सांगताच कापलेल्या कोळंबीसाठी त्यांच्यापुढे ताट सरकवलं. आणि मला त्याचाच राग आला. हा माणूस मला आवडायला लागला होता, आणि ते मला परवडणार नव्हतं. इतका चांगला बाप, इतकं चांगलं सार, मग बशी कोरडी कशी ठेवू? कोणत्या तोंडाने?

“नाळीची भाजी धुऊन आणतो, पंपावर,” असं म्हणून ते पाटीतली पालेभाजी घेऊन मागच्या दाराने उतरले.

मी एकटी राहिले. हंडी रटरटत होती. खिडकीत पातिसची बाटली.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, आणि कसं आलं ते मी नंतर पुष्कळदा तपासून बघितलं आहे. सार आधीच खारट असेल, तर बशी कोण ओली करणार? कुणालाच करता येणार नाही. सेनोन नाही, दिविना नाही, मीही नाही. बशी आपोआप कोरडी राहील. मी नाही म्हणायला नको, आणि दिविनाला माझ्याकडे तसं बघायला नको. दोष म्हाताऱ्याच्या हाताचा. मी बाटली घेतली आणि हंडीवर उपडी केली. ग्लक, ग्लक, ग्लक. मोजून तीनदा. चौथ्यांदा हात थांबला, ते पंप बंद झाल्याचा आवाज आला म्हणून. मन पालटलं म्हणून नव्हे.

ताता बास्योंग भाजी निथळत आत आले. दारातच थांबले. नाकपुड्या हलल्या. उकळत्या पातिसचा वास लपत नाही, पण मी त्या क्षणी तेवढा विचार केला नव्हता. त्यांनी भाजी ठेवली, पळी बुडवली, सार मनगटाजवळ हातावर घेतलं, चाखलं. मग खिडकीकडे बघितलं. बाटलीचं तोंड ओलं होतं. मग माझ्याकडे.

मी आता सगळं ऐकायला तयार होते. आरडाओरडा झाला असता तर बरंच होतं. मागणी तिथेच मोडली असती.

ते पुढच्या खोलीच्या दारात गेले आणि मोठ्याने म्हणाले, “कप्तान, जेवायला उशीर होणार बरं का! म्हाताऱ्याचा हात घसरला. बाटलीभर पातिस सांडलं हंडीत.”

बाहेर सेनोनचं “अरे देवा!” ऐकू आलं. जोमार खालच्या पायरीवरून उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक झालेला मला खिडकीतून दिसला. दिविनाच्या हातातला चमचा खाली पडला.

ताता परत आत आले आणि दार लोटून घेतलं. “बाई,” ते हळूच म्हणाले, “आणखी तांदूळ आहेत का?”

“आहेत,” मी तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं. “किती?”

“खारट किती आहे ते तुम्हाला ठाऊक.”

मी मापाने तीन किलो तांदूळ काढले. धुतले. पहिलं पाणी टाकलं, दुसरं दिलं, आणि तांदूळ शिजायला ठेवले. हंडीत ते मावेना, तेव्हा मी माळ्यावरून गावजत्रेचं मोठं पातेलं काढलं आणि त्यांच्या बायकोच्या हंडीतलं सार त्यात ओतलं. त्यांनी नवं धुवण घातलं, चाखलं, मान हलवली. मग आम्ही दोघं परसात गेलो. ते वाकून बुंध्याची बिंबलं तोडत होते, मी ओंजळ धरून उभी होते. त्यांनी मघाशी बाजूला ठेवलेली, उद्याची फळं होती ना, तीही आता टाकायची म्हणाले.

“ओरडतील ना?” मी म्हटलं.

“ओरडू देत. आज सारातही कुणीतरी ओरडतंच आहे.”

मी मान खाली घातली. झाडाखाली पाचोळ्यात पडलेली फळं उगाच पायाने सारत राहिले. शेवटी मी म्हटलं, “तुम्ही का नाही सांगितलंत त्यांना?”

ताता बास्योंगनी पाठ सरळ केली. “माझ्या थोरल्या मुलीला मागणी आली, तेव्हा माझ्या बायकोनं काय केलं ठाऊक आहे? आलेल्या पाहुण्यांच्या भातात वाळू टाकली. सगळ्यांच्या दातांखाली कचकच. मी म्हटलं, तांदूळ निवडायचं माझ्याकडून राहिलं. दुसऱ्या वेळी तिने डोळे पुसतच वाळू उचलली, पण टाकली नाही.” ते हसले, दोन दातांच्या रिकाम्या जागेतून. “जिला द्यायचं जिवावर येतं तिचाच हात जड होतो हो. जिला काही वाटत नाही ती बरोबर मापाने घालते.”

“ती गेली की मी एकटी,” मी म्हटलं. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. सेनोनला नाही, दिविनाला तर नाहीच.

“मीही,” ते म्हणाले. “मुलगा काय, रात्र-रात्र समुद्रावर असतो. म्हणून तर मला सूनबाई हवी आहे. स्वार्थ आहे माझा, लपवत नाही.” मग माझ्या ओंजळीत आणखी बिंबलं टाकत म्हणाले, “मी बशीचं ऐकलंय. जोमारला तुमच्या पोरीनं सांगितलं. तुम्ही कोरडी ठेवलीत तरी मी जेवून जाईन, आणि माझा हातच घसरला होता असं मरेपर्यंत सांगेन. त्याची काळजी नको. चला, भात करपेल.”

मी आयुष्यात पुष्कळ भल्या माणसांबद्दल ऐकलं आहे. चर्चमधले फादर दर रविवारी एकाबद्दल तरी सांगतातच. पण स्वतःच्या मुलाचं लग्न पणाला लागलेलं असताना, ज्या बाईने ते बुडवायला हात लावला तिचीच अब्रू आधी झाकणारा माणूस मी माझ्या परसात, बिंबलं तोडताना बघितला.

पुढची अडचण वेगळीच होती. तीन किलोचा भात आणि जत्रेच्या पातेल्याएवढं सार. खाणारी माणसं पाच.

“शेजारी बोलवा,” ताता म्हणाले.

“मागणीला? शेजारी?”

“मग काय, उरलेला भात डुकराला घालणार? जोमार म्हणत होता तुमच्याकडे नवाकोरा गोठा आहे.”

मला हसू आवरेना. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या गोठ्यावरून मी हसले. सेनोनला खिडकीतून सांगितलं, त्याने कुंपणावरून हाका घातल्या, आणि पंधरा मिनिटांत निम्मी गल्ली जिना चढून आली. प्रत्येकाच्या हातात आपापली खुर्ची. समोरची लोलेंग काकडीची कोशिंबीर घेऊन आली. शिंपी आला तो नारळाची दारू घेऊन, आणि ती बघून सेनोन भाजलेल्या डुकराचं दुःख विसरला.

पातेल्यात मुळा गेला, चवळीच्या शेंगा गेल्या, लांब हिरव्या मिरच्या अख्ख्या गेल्या. तांबोशीचे तुकडे, आणि ते पांढरे झाल्यावर कोळंबी. कोळंबी तांबडी होताहोता ताता म्हणाले, “आता,” आणि मी नाळीची भाजी वरून सोडून झाकण ठेवलं. त्यांनी आच बंद केली. दोघांनी कान लावले. आतला आवाज हळूहळू बसत गेला.

“चाखा,” ते म्हणाले.

मी चाखलं. डोळे आपोआप मिटले, खांदे वर गेले, जबड्यामागे कळ आली. इतकं आंबट, आणि तरी घशाखाली मऊ, अळकुडीने दाटलेलं, कोळंबीच्या डोक्याची गोडी मागाहून येणारी. माझी आई गेल्यानंतर या घरात असं सिनिगांग झालं नव्हतं. आणि खारट? खारट एवढंसं कमी होतं. मी तीनदा ओतूनही त्या माणसाने पुन्हा तेवढी जागा रिकामी करून ठेवली होती.

जेवायला बसलो. माझ्या ताटाशेजारी निळ्या काठाची बशी, पातिसची बाटली, एक मिरची. दिविनानेच मांडली होती. ती माझ्यासमोर बसली होती आणि बशीकडे बघत नव्हती, इतकी बघत नव्हती की सगळ्यांना कळत होतं. जोमारला वर बोलावलं होतं, तो भिंतीला टेकून बसला, पुढ्यातल्या भाताला हात लावला नव्हता. प्रार्थना झाली. वाडगे भरले. गल्लीतली माणसं भुरके मारायला लागली, डोळे मिटायला लागली, “आई गं, काय आंबट!” म्हणून मांडीवर थापा मारायला लागली. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही.

“म्हातारबुवा,” सेनोन घाम पुसत म्हणाला, “तुमचा हात रोज घसरत जावो!”

सगळे हसले. मग एकेकाने आपापल्या बशीत पातिस घेतलं, आणि मग एकेकाच्या लक्षात आलं की माझी अजून कोरडी आहे. हसणं विरलं. लोलेंगने सेनोनला कोपर मारलं. ताता बास्योंग एकटेच खाली मान घालून माशाचे काटे काढत होते. खरंच काढत होते, नाटक नव्हतं. काटे काढलेला पोटाचा मऊ तुकडा त्यांनी उचलला आणि दिविनाच्या भातावर ठेवला.

आणि दिविनाने काय करावं? तिने तो तुकडा तसाच उचलून माझ्या ताटात ठेवला. लहानपणी मी तिच्या ताटात ठेवायचे तसा. डोळे भरलेले, पण माझ्याकडे बघत होती. सरळ माझ्याकडे. बशी कोरडी असताना.

मला वडील आठवले. त्यांना कुणी असा तुकडा दिला होता का, कोण जाणे. मी तर दाराआडच उभी होते.

मी बाटली उचलली. दोन्ही हातांनी धरली. ओतली, तर थेंबभर येण्याऐवजी भसकन आली. बशी भरली, काठावरून वाहिली, टेबलावर तळं झालं आणि ओघळ सेनोनच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर गेला. मी त्यातच मिरची चुरडली. दिविनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जोमार उठला, बसला, परत उठला.

ताता बास्योंगनी मान वर केली. बशीकडे बघितलं, वाहणाऱ्या ओघळाकडे बघितलं.

“सांभाळून हो, विहीणबाई,” ते म्हणाले. “तुमचा हात जरा जडच आहे.”

सगळी गल्ली खदखदून हसली. मी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. लोकांना वाटलं, सांडलं म्हणून ते बोलले.

दुपारी भांडी घासायला लोलेंग आणि दिविना धावल्या. पातेलं त्यांना दिलं, ताटंही दिली. बशी मात्र दिली नाही. पातिसचा वास एका घासण्यात जात नाही. मी दोनदा घासली, नाकाशी धरली, आणि मग तिसऱ्यांदा घासली नाही.